फितींतील चित्र संगणकांत कसें उतरवावें?

भंडारा जिल्ह्यांत दिवाळी सरते न सरते तोंच गांवोगांवीं मंडई भरूं लागते, आणि दंडार, खडी गंमत व झाडीपट्टीचीं नाटकें रात्र रात्र रंगतात. या कलांचा पुष्कळसा भाग तोंडींच चालत आला. त्याची पोथी नाहीं. म्हणून एखाद्या घरच्या कपाटांत जुन्या प्रयोगाची व्हिडिओ कॅसेट असली, तर ती केवळ घरची आठवण नव्हे, गांवचा ठेवा होय. परंतु हा ठेवा झिजणारा आहे. व्ही. एच. एस. पद्धत १९७६ सालीं जपानांत निघाली. ती फीत चालविणारा व्ही. सी. आर. बनविणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानचीच फुनाई, हिनें २०१६ सालीं तें काम थांबविलें. तेव्हां चालू स्थितींतला व्ही. सी. आर. हाताशीं आहे तोंच चित्र संगणकांत उतरवून घेणें इष्ट.

पुष्कळांची समजूत अशी कीं, योग्य तार मिळाली म्हणजे काम झालें. घरगुती संगणकास टी. व्ही. जोडण्याचें जें एच. डी. एम. आय. द्वार असतें, त्यांतूनच चित्र आंत घेतां येईल असें त्यांस वाटतें. परंतु बहुतेक संगणकांवर तें द्वार चित्र बाहेर पाठविण्याचें असतें, आंत घेण्याचें नव्हे. शिवाय खरी अडचण तारेची नाहीं, भाषेची आहे. फितीच्या चुंबकीय लेपावरून यंत्राचें फिरतें शीर्ष गेलें कीं, अखंड चढउतार होणारा विद्युत्प्रवाह निघतो. संगणकास मात्र केवळ आंकडे समजतात. दोघांमध्यें दुभाषा हवा. तो दुभाषा म्हणजे ‘व्हिडिओ कॅप्चर’चें लहानसें उपकरण. आपल्याकडील पाल पद्धतींत दर सेकंदास २५ चित्रें व प्रत्येक चित्रांत ६२५ ओळी असतात; पैकीं ५७६ ओळींत दृश्य असतें. हें उपकरण त्या प्रत्येक ओळीचें सामान्यतः ७२० ठिकाणीं मोजमाप करतें, आणि ते आंकडे यू. एस. बी. वाटे संगणकाकडे धाडतें.

जोडणी सोपी आहे. व्ही. सी. आर. च्या ‘आउट’मधून निघालेल्या तारा उपकरणाच्या ‘इन’मध्यें जाव्या: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, तांबडी उजव्या आवाजाची. संगणकावरील प्रोग्रॅममध्यें ‘पाल’ पद्धत निवडावी. एरव्हीं रंग उडतात किंवा चित्र स्थिर राहत नाहीं. एका तासाची फीत उतरण्यास एक तासच लागतो. येथें घाई चालत नाहीं. डी. व्ही. पद्धतीनें सांठविल्यास तासाला सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते.

पावसाळी दमटपणानें ज्या फितीवर पांढरी बुरशी चढली असेल, ती यंत्रांत मुळींच घालूं नये. शीर्ष बिघडतें आणि बुरशी पुढील फितींसहि लागते. कॅसेटच्या पाठीवरील लहानशी पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें कांहीं नोंदलें जाणार नाहीं. उतरलेल्या चित्राच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि मूळ फीतहि टाकूं नये.

शेवटीं, प्रत्येक प्रतीबरोबर गांव, साल आणि कलावंतांचीं नांवें लिहून ठेवावीं. हें काम कोणतेंहि उपकरण करणार नाहीं. चित्रांतला ढोलकीवाला कोण, हें सांगणारीं माणसें गांवांत आहेत तोंवरच तें विचारून घेतलें पाहिजे.