निकामी झालेली कोणती?

गेल्या वैशाखांतील एका सकाळीं आमच्या हातून एक चूक झाली. चूक दिसावयास अगदीं लहान होती. एक खण ओढावयाचा तो सोडून आम्हीं दुसराच ओढला, इतकेंच. परंतु त्या एका ओढीनें आमच्या दिवंगत मातोश्रींचा आवाज, वडिलांच्या हातच्या पोथ्यांचीं चित्रें आणि तीन पिढ्यांचीं छायाचित्रें कायमचीं दुरावण्याची वेळ आली. पूर्वीं जें ट्रंकेंत आणि गाठोड्यांत ठेवीत, तें आतां पुष्कळ घरांतून यंत्रांत ठेविलें जातें. अशा घरांस आमच्या चुकीचा कांहीं उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें घर हुडकेश्वरास. नागपूरच्या दक्षिणेकडील या वस्तींत आम्ही तिघे बंधु आपापल्या परिवारांसह एकाच छपराखालीं राहतों. धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहेत. चार वर्षांपूर्वीं दिवाळीस येतांना त्यांनीं एक लहानशी काळी पेटी आणली आणि जिन्याखालच्या कपाटांत बसवून दिली. तींत चार उभे खण असून प्रत्येक खणांत एक याप्रमाणें चार हार्ड डिस्क आहेत. प्रत्येकीचें माप ४ टेराबाइट. घरांतील सर्वांचे फोन आपापलीं छायाचित्रें व कागदपत्रें रात्रीं आपोआप या पेटींत आणून टाकतात. अशा पेटीस घरगुती स्टोअरेज सर्व्हर म्हणतात. आमच्या सूनबाई तिला 'कोठी' म्हणतात आणि आमच्या मतें हेंच नांव अधिक योग्य आहे.

या कोठींत सर्वांत मोलाची वस्तु कोणती, असें कोणीं विचारलें असतें तर घरांतील प्रत्येकानें एकच उत्तर दिलें असतें. मातोश्री जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या आम्हीं १९८८ सालीं टेपवर घेतल्या होत्या. पुढें त्या संगणकांत उतरविल्या. नंतर कॅसेटच्या फितींस बुरशी लागली व त्या निरुपयोगी झाल्या. म्हणजे मातोश्रींचा आवाज आतां या जगांत त्या एका पेटींतच उरला होता.

आतां या पेटीच्या पोटांत काय चालतें, तें थोडक्यांत सांगतों. हार्ड डिस्कच्या डबींत चुंबकीय लेपाच्या गुळगुळीत तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरावर तरंगणारें एक टोंक त्यांवर लिहितें व वाचतें. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं असें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आमच्या तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्यें त्याच्या आठ लक्ष पट मावतें. परंतु जें फिरतें तें झिजतें. प्रत्येक हार्ड डिस्क केव्हां तरी बंद पडणारच. केव्हां, एवढाच प्रश्न असतो.

ज्या वर्षीं आम्हीं मातोश्रींच्या ओव्या टेपवर घेतल्या, त्याच १९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी व महागडी डिस्क घेण्यापेक्षां अनेक लहान व स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्या, असें त्यांचें म्हणणें. आतां घरांत मडकीं अधिक तर फुटणेंही अधिक, हें उघड आहे. त्यावर त्यांनीं उपाय सांगितला तो असा कीं, थोडी जागा राखून तींत इतरांचा हिशेब ठेवावा. या व्यवस्थेस 'रेड' असें नांव पडलें.

शाळेंत आम्ही हें असें समजावून दिलें असतें. तीन विद्यार्थ्यांच्या पाट्यांवर ७, ५ आणि ९ हे आंकडे आहेत. चौथ्याच्या पाटीवर त्यांची बेरीज २१ लिहिली. आतां दुसऱ्याची पाटी पुसली गेली, तरी २१ मधून ७ व ९ वजा करितां ५ परत मिळतात. कोणतीही एक पाटी जावो, ती पुन्हां भरतां येते. खरें यंत्र बेरजेऐवजीं सम-विषमाची खूण वापरतें आणि तिचें काम पाळीपाळीनें चारही डिस्कवर वांटतें, परंतु तत्त्व हेंच. मात्र दोन पाट्या एकाच वेळीं गेल्या, तर कोणताही गणिती कांहीं करूं शकत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आमची चूक याच ठिकाणीं झाली.

त्या रात्रीं वीज दोनदां गेली व आली. पहांटे पेटींतून सारखा 'पीं पीं' असा आवाज येऊं लागला. संगणकाच्या पडद्यावर पाहिलें, तर 'एसडीसी' नांवाची डिस्क निकामी झाली आहे, असें लिहिलेलें. अकरावींत शिकणारा आमचा नातू म्हणाला, "आजोबा, ए, बी, सी, म्हणजे तिसरी." आम्हांसही तें पटलें. सीताबर्डीहून नवी डिस्क आणविली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्नान आटोपून डावीकडून तिसरा खण ओढला. क्षणार्धांत पडद्यावरील सर्व कप्पे नाहींसे झाले. निकामी डिस्क आपल्या जागीं तशीच राहिली होती आणि आम्हीं धडधाकट डिस्क उपटून हातांत धरली होती. चारांपैकीं दोन पाट्या गेल्या.

आम्हीं पुण्यास फोन लावला. पुतण्यानें पहिलें वाक्य उच्चारलें तें असें: "काका, आतां कशालाही हात लावूं नका. पडद्यावर 'नव्यानें सुरू करूं का' असें विचारलें, तर 'होय' म्हणूं नका. नवी डिस्क आंत घालूं नका. पेटी रीतसर बंद करा आणि काढलेली डिस्क जिथली तिथें बसवा." आम्हीं आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें तसें केलें. अशा वेळीं घाबरून केलेली दुसरी चूक पहिलीहून घातक ठरते. डिस्क उपटल्यानें तिच्यावरील मजकूर पुसला जात नाहीं. तो पुसला जातो तो तिच्यावर नवें लिहिल्यानें.

पुढें पुतण्यानें पुण्याहूनच पेटी उघडून पाहिली. प्रत्येक डिस्क आपल्याजवळ कामकाजाच्या नोंदींचा एक चढता आंकडा बाळगते. दोन डिस्कचे आंकडे सारखे होते. आम्हीं उपटलेलीचा आंकडा किंचित् मागें होता, आणि खरोखर बिघडलेलीचा पुष्कळ मागें. त्यावरून तीन चांगल्या डिस्क कोणत्या, हें ठरवून त्यानें त्यांची जुळणी केली आणि कप्पे परत दिसूं लागले. तेव्हां त्यानें सर्वांत आधीं काय करविलें, तर ओव्या व पोथ्यांचीं चित्रें एका सुट्या डिस्कवर उतरवून घेतलीं. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

आमचें चुकलें कोठें? 'एसडीसी' हें आसनाचें नांव नव्हे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. यंत्र सुरू होतांना ज्या क्रमानें डिस्क त्यास सांपडतात, त्या क्रमानें तें ए, बी, सी अशीं अक्षरें वांटतें. वर्गांत जो आधीं आला त्याचा हजेरीचा नंबर पहिला, असा नियम केला तर पहिल्या बांकावरचा मुलगा तिसरा ठरूं शकतो, त्यांतलाच हा प्रकार. रात्रीं दोनदां वीज गेल्यावर हा क्रम फिरला होता. खरी निकामी डिस्क पहिल्या खणांत होती.

तर मग ओळख कशी पटवावी? प्रत्येक डिस्कवर कारखान्यांतच एक सीरियल नंबर छापलेला असतो. तोच नंबर तिच्या आंतही नोंदलेला असून यंत्रास विचारल्यास तें सांगतें. अक्षर बदलतें, खण बदलतो, नंबर बदलत नाहीं. पडद्यावरील नंबराचे शेवटचे चार आंकडे कागदावर उतरावे, पेटी बंद करावी, एकेक डिस्क काढून भिंगानें लेबल वाचावें आणि ज्या खणांतली त्याच खणांत परत ठेवावी. डिस्क इतकी मेलेली असेल कीं, ती आपला नंबरही सांगत नाहीं, तर जिवंत असलेल्या तिघींचे नंबर घ्यावे. ज्या चौथीचा नंबर यादींत नाहीं, ती निकामी. संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें परिशेषानुमान सहज पटेल. दुसरी युक्ति दिव्यांची. ज्या पेटीस प्रत्येक खणापुढें दिवा असतो, तींत चांगल्या डिस्ककडून एकसारखें वाचन करवावें. त्यांचे दिवे लुकलुकतात व मेलेलीचा स्तब्ध राहतो. परंतु दिव्यावर विसंबून न राहतां शेवटीं नंबर पडताळावाच.

निकालापूर्वीं आरोपीची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' नांवाची एक रोजनिशी ठेवते. तींत किती जागा खराब म्हणून बदलल्या आणि किती जागा वाचतां येत नाहींत, हे आंकडे पाहावे. ते वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. पण केवळ निरोप नेण्यांतील चुकांचा आंकडा वाढत असेल, तर दोष बहुधा तारेचा असतो आणि तार बदलल्यानें भागतें. ही रोजनिशी सर्वज्ञ मात्र नव्हे. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २००७ सालीं आपल्याकडील निकामी डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के डिस्कमध्यें मुख्य चार लक्षणांपैकीं एकही दिसलें नव्हतें. लक्षण दिसलें तर सावध व्हावें. दिसलें नाहीं म्हणून निश्चिंत होऊं नये.

खरी दोषी डिस्क काढून तिच्या जागीं नवी बसविल्यावर उरलेल्या तिघींवरून ती भरली जाऊं लागली. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगानें धरलें तरी ४ टेराबाइट भरण्यास सुमारें साडेसात तास लागतात. आमच्याकडे रात्रीं नऊला आरंभ झाला तो पहांटे साडेसहास संपला. या काळांत तिन्ही जुन्या डिस्कना अथपासून इतिपर्यंत वाचावें लागतें, आणि एकीनें जरी दगा दिला तरी सारें बुडतें. महत्त्वाचें तेवढें आधींच वेगळें उतरवून ठेवण्याचें कारण हें.

हें सर्व पाहतांना आम्हांस वेदपाठशाळेची आठवण झाली. पदपाठानंतर क्रम, जटा, घन असे पाठ आमच्या पूर्वजांनीं रचले. क्रमांत प्रत्येक शब्द मागच्यापुढच्याशीं जोडून दोनदां येतो; जटेंत व घनांत तो उलटसुलट अनेकदां येतो. त्यामुळें एखादा वर्ण हरवला तर चूक आहे इतकेंच नव्हे, तर ती कोठें आहे हेंही कळतें. वैदिक पठणाची ही परंपरा युनेस्कोनें २००३ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून गौरविली. वरील पाट्यांच्या बेरजेंत हा गुण नाहीं. बेरीज जुळत नसेल तर कोणी तरी चुकला एवढें कळतें, कोण चुकला हें कळत नाहीं. म्हणून डिस्कची ओळख आपल्यालाच चोख ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट. पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें हल्ला करून ग्रंथांची व पोथ्यांची नासधूस केली, हें वाचकांस आठवत असेल. एका छपराखालीं असलेलें सारें एकाच संकटांत सांपडतें. चार डिस्कची कोठी एका डिस्कच्या मृत्यूपासून वांचविते. आगीपासून, चोरीपासून, किंवा नातवानें चुकून पुसलेल्या कप्प्यापासून ती वांचवीत नाहीं. यासाठीं आमच्याकडे आतां तीन प्रती आहेत. एक कोठींत, एक सुट्या डिस्कवर कपाटांत, आणि एक पुण्यास पुतण्याच्या घरीं. विजेच्या लपंडावासाठीं कोठीस बॅटरी जोडली आहे. नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून कपाटाच्या दारास जाळीही बसविली.

आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर नातवानें एकेक चिठ्ठी चिकटविली आहे. तिच्यावर सीरियल नंबराचे शेवटचे चार आंकडे व खरेदीची तारीख. तीच यादी घरच्या जमाखर्चाच्या वहींत शेवटच्या पानावर आहे, कारण पेटी बंद पडली म्हणजे पेटींतील यादी वाचतां येत नाहीं.

मातोश्रींच्या श्राद्धतिथीस जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी ओसरीवर बसली. सूनबाईंनीं ओव्या लावल्या. आधीं जात्याची घरघर ऐकूं आली आणि मग तिच्यावर तो ओळखीचा आवाज. धाकट्या नातीनें विचारलें, "ही कोण गाते?" तिला सांगतांना आमच्या मनांत आलें, त्या चार चिठ्ठ्या चिकटविण्यास सारीं पांच मिनिटें लागलीं होतीं. ज्यांच्या घरीं अशी कोठी आहे, त्यांनीं तीं पांच मिनिटें आजच काढावीं.