दुधाचे अनुदान आणि कानातील बिल्ला

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधास प्रतिलिटर ५ रुपये अनुदान देऊ केले. ही रक्कम उत्पादकाच्या बँकखात्यात थेट जमा व्हावयाची होती. त्यासाठी गाईच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, उत्पादकाचा तितक्याच अंकांचा आधार क्रमांक आणि बँकखाते यांचा मेळ बसणे आवश्यक होते. विलंबाचे एक मूळ या मेळातच आहे. गाय बाजारात विकली जाते. नोंद मात्र जुन्याच मालकाच्या नावे राहते. डेअरीस दूध मुलगा घालतो, बिल्ला वडिलांच्या नावे असतो. अशी माहिती जुळेपर्यंत रक्कम अडते. 'अनु' या उपसर्गाचा 'मागाहून' हा अर्थ येथे अनपेक्षितपणे सार्थ ठरतो! पेंडीची उधारी मात्र दर दहा दिवसांच्या दूधबिलातून बिनचूक वळती होत असते.