भरती की घरी राहून उपचार? व्यसनमुक्तीची पायरी कशी ठरते



मागचा अंक मिळाल्यावर आपल्यापैकी काहींनी पत्रे पाठवली, काहींनी फोन केले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. पाड्यांवर इतके लोक दारूत बुडालेले आहेत, तर त्यांना सरळ व्यसनमुक्ती केंद्रात का ठेवत नाही? खर्च आम्ही देऊ.

प्रश्न प्रेमापोटी आलेला आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. मी मूळची नर्स. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आणि खाली नवापूरकडच्या मंडळ्यांमध्ये आमचे फिरणे असते. औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम. पण कोणाला कोणत्या दारापर्यंत न्यायचे, आणि आज न्यायचे की पुढच्या आठवड्यात, हे पुष्कळदा आम्हालाच कोणाच्या तरी अंगणात खाटेवर बसून ठरवावे लागते. ते कसे ठरवतो तेच इथे सांगते.

एकतर केंद्रात भरती, नाहीतर नुसता उपदेश, असे दोनच मार्ग आपल्या डोळ्यांपुढे असतात. मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. अमेरिकेत या पायऱ्या तासांवर मोजतात. आठवड्याला नऊ तासांपेक्षा कमी असेल तर साधा बाह्यरुग्ण उपचार, नऊ ते एकोणीस तास असेल तर सखोल, आणि वीस तास किंवा जास्त असेल तर दिवसभर दवाखान्यात राहून रात्री घरी. भरती त्याच्याही वर. आपल्याकडे असे तयार वेळापत्रक हाती येत नाही, तरी पायऱ्या आहेतच. सर्वांत खाली गावचे उपकेंद्र, आशाताई आणि आमचा कार्यकर्ता. त्यावर ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी. त्यावर जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ. काही जणांना रुग्णालयाजवळ नातेवाइकाकडे आठ-दहा दिवस ठेवून रोज तपासणीला नेता येते. शेवटची पायरी भरतीची.

कोण कुठे बसतो याचा पहिला अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या तक्त्यावरून येतो. एकूण गुण 40. आठच्या खाली फारशी काळजी नाही. आठ ते एकोणीसमध्ये सल्ला आणि समुपदेशन. वीस किंवा जास्त असले तर तज्ज्ञांना दाखवायचेच. हे प्रश्न पावरीत किंवा मावचीत विचारताना 'पेला' म्हणजे नेमके किती, यावरच निम्मा वेळ जातो, कारण मोहाची दारू मापाने कोणी पीत नाही.

मधल्या गटातल्या माणसांविषयी मला जास्त बोलायचे आहे. ते अजून पूर्ण व्यसनाधीन नसतात, पण घर आणि शरीर दोन्ही खराब करत असतात. त्यांना केंद्राची गरज नसते. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक अभ्यास झाला होता. त्यात डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, फक्त प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी अशा पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकींत बोलणे केले. तीन महिन्यांनी 36 टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी 26 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो चार बैठकींचा आहे, आणि त्या बैठका आपल्या मंडळीतली दहावी-बारावी शिकलेली मुलगीही शिकून घेऊ शकते. आमच्याकडे अशा तीन जणी आहेत. आपल्या देणगीचा हा उपयोग छायाचित्रात चांगला दिसत नाही, एवढेच.

आता त्यांच्याविषयी, ज्यांना वरच्या पायरीवर एक दिवसही उशीर चालत नाही. इथे पाळकसाहेबांनी आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की शरीर उलटते. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते. दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. उपचार नसेल तर यात माणूस दगावतो.

वरच्या एका पाड्यावरचा चाळिशीचा एक भाऊ उपास-प्रार्थनेत उभा राहिला आणि आजपासून थेंब घेणार नाही म्हणाला. शब्द त्याने पाळला. तिसऱ्या रात्री तो अंगावरच्या मुंग्या झटकत घराबाहेर धावू लागला. नातेवाइकांनी बडव्याला बोलवायचे ठरवले. मंडळीतल्या दोघा-तिघांना दुष्टात्मा वाटला आणि ते त्याला धरून मोठ्याने प्रार्थना करू लागले. त्याच्या मेव्हण्याने आमच्या बैठकीत हे ऐकलेले होते. त्याने जीप आणली आणि पहाटे रुग्णालय गाठले. शिरेतून बी-1 जीवनसत्त्व, त्रास उतरवणारी औषधे आणि पाच दिवसांची भरती. आज तो भाऊ शेळ्या पाळतो. मेव्हणा त्या दिवशी पाड्यावर नसता तर काय झाले असते ते लिहायला नको.

म्हणून विनंती अशी की, नवस बोलणाऱ्याला अडवू नका, पण त्याच सभेत दोन गोष्टी विचारा. सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का? मागे कधी सोडल्यावर आकडी किंवा भास झाले होते का? दोन्हीपैकी एकाचेही उत्तर हो असेल तर 'उद्या आपण दवाखान्यात जाऊन सोडू' असे म्हणा, आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत त्याला एकदम बंद करायला लावू नका. मंडळीत हे बोलणे अवघड जाते हे मी जाणते.

घरी राहून सोडणे कोणाला जमते? पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला नसावा, दुसरा मोठा आजार नसावा, पहिले पाच दिवस रोज कोणीतरी पाहणारे असावे आणि गोळ्या त्याच्या हाती न देता घरातल्या शुद्धीतल्या माणसाकडे ठेवता याव्यात. डॉक्टर गोळ्यांचे प्रमाण रोज उतरवत नेतात. त्या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, म्हणून सोबतीच्या माणसाशिवाय आम्ही हे सुरूच करत नाही.

हा सोबतीचा माणूस किती महत्त्वाचा, ते दोन सख्ख्या भावांवरून सांगते. दोघांचे पिणे सारखे, तक्त्यावरचे गुणही जवळजवळ सारखे. थोरल्याच्या घरी बायको आणि न पिणारा सासरा. त्याला ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीतून औषधे दिली, कार्यकर्ता आठवडाभर रोज गेला, पुढे आठवड्यातून एकदा. धाकटा एकटा, आणि ज्या झोपडीत तो झोपायचा तिथेच काका मोहाची भट्टी लावायचा. त्याला गाव सोडून केंद्रात ठेवण्यावाचून मार्ग नव्हता. म्हणजे दारू किती पितो यावर पायरी जेवढी ठरते, तेवढीच ती रात्री कुठे झोपतो यावरही ठरते. धाकट्याला परत आणायच्या आधी आम्ही त्याची राहण्याची सोय थोरल्याकडे केली. तशी सोय न करता माणूस केंद्रातून पुन्हा त्याच भट्टीशेजारी सोडला, तर भरतीचा खर्च वाया जातो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

मनाच्या आजाराचेही असेच आहे. 'आधी दारू सुटू दे, मग मनाचे पाहू' असे घरचे म्हणतात, कधी दवाखान्यातही म्हणतात. दारू सोडल्यावर पहिले तीन-चार आठवडे मन खाली जाते आणि पुष्कळांचे आपोआप वर येते, हे खरे. पण दारूच्या आधीपासून उदासी असेल, किंवा सोडून महिना झाला तरी हटत नसेल, तर तिला वेगळा उपचार लागतो. आणि मरणाचे विचार येत असतील तर महिनाभर थांबायचे नाही. एक तरुण विधवा फक्त झोपेसाठी रात्री थोडी घ्यायची. तक्त्यावर तिचे गुण कमी, खालच्या पायरीचे. आमच्या मुलीने तिला सरळ विचारले, 'ताई, जगूच नये असे वाटते का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. तिने हो म्हटले. फवारणीची औषधे त्याच दिवशी दिराच्या घरी कुलपात गेली, रात्री नणंद सोबतीला झोपली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला थेट जिल्हा रुग्णालयात नेले. भरती करावी लागली नाही. आठवड्याला एक खेप, गोळ्या, आणि अधल्यामधल्या दिवसांत 14416 वर फोन. टेलि-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी वेगळा क्रमांक 14446. दोन्ही क्रमांक मंडळीच्या फळ्यावर लिहून ठेवावेत.

पायरी एकदा ठरली म्हणजे कायमची ठरली असे नाही. दोन खेपा चुकल्या, पुन्हा पिणे सुरू झाले, झोप-जेवण सुधारत नाही, असे दिसले की एक पायरी वर. घसरलेल्या माणसाला मंडळीत मागच्या बाकावर बसवू नका. घसरणे एवढेच सांगते की चालू उपचार त्याला कमी पडतो आहे. नीट चालले तर खेपा कमी करत खाली यायचे. चांगल्या शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत ठेवले आणि पैसे दिले, हे आपल्याला आठवते. तो परत येऊन पाहणार होता, हे आपण बहुधा विसरतो. आपल्या देणगीचा मोठा भाग या परत येण्यावर जातो. जीपचे भाडे, एसटीची तिकिटे, सोबत आलेल्याचा बुडालेला रोज. धडगावच्या वरच्या पाड्यावरून नंदुरबारची एक खेप म्हणजे अख्खा दिवस.

देशाचे चित्र पाहिले तर 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे आढळले होते, आणि भरतीचा उपचार 180 जणांत एकाला. उरलेल्या सगळ्यांसाठी खाटा मिळणार नाहीत. खालच्या पायऱ्या रुंद करणे मात्र आपल्याला शक्य आहे.

दोन सूचना जाता जाता. चहात किंवा भाजीत लपवून द्यायच्या 'दारू सोडवणाऱ्या' पुड्या कोणी विकत घेऊ नये. डायसल्फिरम नावाची गोळी खरोखर असते, पण तिच्यावर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो आणि छाती धडधडते. म्हणून ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. ही गोळी घेणाऱ्यासाठी प्रभुभोजनात आंबवलेला द्राक्षारस नको, द्राक्षांचे ताजे सरबत ठेवा. आणि भरतीसाठी केंद्र निवडताना डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे पाहा. साखळीने बांधणे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंद केले आहे. तसे दिसले तर आपला माणूस घेऊन परत यावे.

सध्याची मोठी अडचण दिवाळीनंतरची. ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत बारडोली-सुरतेकडे उतरतात आणि वसंतापर्यंत परत येत नाहीत. यंदा आमच्या उपचारातले नऊ जण जाणार आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढी औषधे आणि औषधांचे कार्ड सोबत देतो, मुकादमाला ओळख सांगतो, आणि दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. पण फोनवर हाताची थरथर दिसत नाही. त्या भागातल्या मंडळ्यांमध्ये आपल्या ओळखीचे कोणी असेल, आठवड्यातून एकदा उसाच्या पडावावर जाऊन यायला तयार असेल, तर टोळ्या निघायच्या आत आम्हाला कळवावे.