सावित्रीकाठचे नवे घर

व्यापारी कुटुंबांना स्थलांतर नवे नाही. आजोबा एका पेठेत, वडील दुसऱ्या गावी आणि मुले तिसऱ्या शहरात, असा प्रवास आपल्यापैकी अनेक घराण्यांत घडला आहे. नव्या गावी गेल्यावर आपण आधी दुकानाची जागा पाहतो, मग घर, मंदिर आणि मुलांची शाळा. पुढे मालाची आवक आणि उधारीची वसुली यांत वर्षे निघून जातात, आणि दुकानाच्या दारातून दिसेल तेवढेच गाव ओळखीचे राहते. त्या गावाशी खरा परिचय घडतो तो बहुधा पाहुणे आल्यावर.

रायगड जिल्ह्यातील महाडला आमचे बिऱ्हाड येऊन वर्ष झाले होते. चातुर्मास संपल्यावर सोलापूरकडील एक स्नेही कुटुंब चार दिवसांसाठी आले. शेजारचे दुकानदार आणि एक निवृत्त गुरुजी आपण होऊन सोबतीला निघाले. पाहुणे विचारीत, स्थानिक मित्र सांगत, आणि मधल्या मध्ये आम्हालाही आमचे गाव कळत गेले. दुष्काळी मुलखातील त्या पाहुण्यांचा पहिलाच प्रश्न होता, "एवढे पाणी येते कोठून?" चारही दिवस आम्ही जणू त्या प्रश्नामागूनच फिरलो.

नदी आणि पेठ

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. महाडजवळ तिला गांधारी नदी मिळते. पूर्वी समुद्राच्या भरतीबरोबर होड्या खाडीतून वर येत, आणि घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे. जेथे या दोन वाटा मिळाल्या, तेथे महाडची पेठ उभी राहिली.

ही पेठ किती जुनी, याची कल्पना गंधारपाले येथील लेण्यांत येते. महामार्गालगतच्या डोंगरात कोरलेली ही सुमारे २८ बौद्ध लेणी गावापासून तीनेक किलोमीटरवर आहेत. तेथील एका शिलालेखात श्रेष्ठी घराण्यातील दानाचा उल्लेख आहे. "म्हणजे शेठ, तुमच्या आधी दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेठजींनी येथे देणगी दिली आहे," असे गुरुजी म्हणाले, तेव्हा सारे हसले. पण व्यापाऱ्याचे नाव टिकते ते दानाने, हेही सर्वांच्या मनात आले असावे.

पेठ वसवणारे पाणी पेठेत शिरतेही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डोंगरात अतिवृष्टी झाली आणि त्याच वेळी खाडीत भरती असली, की नदीला समुद्राकडे लवकर वाट मिळत नाही. शेजाऱ्यांनी आपल्या दुकानात पाणी कोठवर चढले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, जूनपासून खालच्या फळ्यांवर माल ठेवू नका. वह्या आणि कागदपत्रे तर वरच्या मजल्यावरच असू द्या." हा सल्ला कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत मिळाला नसता.

चवदार तळे

दुसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळ्यावर गेलो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला होता. पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही हे तळे खुले केले, परंतु अस्पृश्य मानलेल्यांना तेथे प्रत्यक्ष पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह येथे आले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण'ही करण्यात आले. न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

पाणी गाळून प्यावे, हा संस्कार आपल्या घरी बालपणीच होतो. पाण्यातील सूक्ष्म जीवाचीही हिंसा घडू नये, ही त्यामागची भावना. तळ्याच्या पायरीवर पाहुण्यांच्या मुलीने विचारले, "माणसांनाच पाणी कसे नाकारले?" या प्रश्नाला मोठ्यांपैकी कोणीही लगेच उत्तर देऊ शकले नाही. अहिंसा स्वयंपाकघरापासून सुरू होते हे खरे, पण ती तेथेच संपता कामा नये, एवढे त्या मौनात सर्वांना जाणवले.

रायगडाच्या वाटेवर

महाडहून रायगड सुमारे २५ किलोमीटर. वाटेतील नाते हे डॉ. चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. पाचाडला जिजाऊंच्या समाधीचे दर्शन घेऊन, वडीलधारी मंडळी बरोबर असल्याने, आम्ही रोपवेने गडावर गेलो. ६ जून १६७४ रोजी जेथे शिवराज्याभिषेक झाला, त्या भूमीवर उभे राहिल्यावर बोलणे आपोआप थांबते. बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन समोरासमोरच्या ओळींत मात्र आमच्या मंडळींचे पाय रेंगाळले. घोड्यावरूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, असे परंपरा सांगते. काही अभ्यासकांच्या मते ही निवासस्थाने असावीत.

गडाच्या परिसरातील काळ नदीवरचा वाळण कोंड पाहून पाहुणे विशेष सुखावले. देवीच्या श्रद्धेने येथील ग्रामस्थ या डोहातील मासे पकडत नाहीत. मासे हे ज्या मुलखात रोजचे अन्न, तेथे गावाने पाण्याचा एवढा भाग जीवांना निर्भय राखला आहे. आपण ज्याला अभयदान म्हणतो, ते येथील माणसे असा शब्द न वापरता आचरीत आहेत.

पोलादपूर

शेवटचा दिवस पोलादपूरचा. तालुक्यातील उमरठ येथे सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, तर पोलादपुरात 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची. एकाने इतिहास घडवला, दुसऱ्याने तो लिहून ठेवला. तेथून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढतो. घाटाच्या एका वळणावर थांबून गुरुजींनी सावित्रीचे खोरे दाखवले आणि पाहुण्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर समोर उलगडले. वर पडलेला पाऊस याच खोऱ्यातून आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत येतो. परतताना शेजारच्या वहिनींनी निरोप पाठवला होता, "सूर्यास्ताआधी पोहोचा, पाने मांडून ठेवली आहेत." त्यांच्या घरी चौविहार पाळत नाहीत, पण आमच्यासाठी त्या घराने आपली वेळ बदलली होती.

नव्या गावी स्थायिक होणाऱ्या आपल्या कुटुंबांनी पहिल्याच वर्षी पाहुण्यांना आवर्जून बोलवावे आणि स्थानिक मित्रांना बरोबर घेऊन गाव पाहावे. तेथले पाणी कोठून येते, ते कधी कोणाला नाकारले गेले, कोणी जपले आणि ते पेठेत केव्हा शिरते, एवढे कळले की जेथे आपण फक्त व्यापार करतो ते गाव आपले होऊ लागते. मग पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली, तर आपण केवळ आपल्या मालाची काळजी करणार नाही. शेजाऱ्याच्या फळ्या वर उचलायलाही आपले हात पुढे होतील.