डोळा, रंग आणि ब्रश

(द्वितीय वर्ष, कला)

‘ब्रश’ हा शब्द उच्चारला की माझ्या मैत्रिणींना दात घासण्याचा ब्रश आठवतो. मला मात्र टर्पेंटाइनचा वास येतो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, बोर्ड रंगवणारे पेंटर आहेत. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्यांचे काम जवळजवळ संपले. आता शाळांच्या भिंती, ट्रकवरची अक्षरे आणि देवळाच्या कमानी यांवर आमचे घर चालते. आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत तीस-पस्तीस ब्रश आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचे काम निराळे आहे. अशा घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे गेल्या वर्षी युवा महोत्सवाच्या एकांकिकेसाठी जेव्हा रंगभूषा कोण करणार असा प्रश्न निघाला, तेव्हा कुणीतरी म्हणाले, “हिच्या घरात तर ब्रशच ब्रश!” सगळे हसले आणि ते काम माझ्याकडे आले.

आमची सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथेच ‘सीतास्वयंवर’ नाटक रंगभूमीवर आणले. तेव्हा अशा गावात नाटकाच्या कोणत्याही कामाला नाही म्हणणे मला काही शोभले नसते. मी मोठ्या हौसेने हो म्हटले. पुढे जे घडले ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. परंतु ते योग्य जागी सांगेन. आधी ब्रशांविषयी.

कोणताही ब्रश हातात घेतला की त्याचे तीन भाग दिसतात : केस, केसांना आवळून धरणारी धातूची नळी आणि लाकडाची वा प्लॅस्टिकची दांडी. नळीच्या आत केसांची मुळे गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेली असतात. हे ध्यानात ठेवावे, कारण ब्रश धुण्याचा सारा नियम या गोंदावरच अवलंबून आहे. केस दोन प्रकारचे : प्राण्यांचे आणि कृत्रिम. प्राण्याच्या केसावर अत्यंत बारीक खवले असतात. त्यांत कोरडी भुकटी अडकून राहते आणि पापणीवर हळूहळू सुटते. म्हणून भुकटीच्या रंगासाठी पूर्वीपासून खारीचे, शेळीचे किंवा घोड्याचे केस वापरीत आले. नायलॉनसारखे कृत्रिम तंतू गुळगुळीत असतात. ते ओला रंग शोषून घेत नाहीत. म्हणून मलमासारख्या वा पातळ रंगाला तेच चांगले. शिवाय ते धुवायला सोपे आणि लवकर वाळणारे. अलीकडे भुकटीलाही चालतील असे कृत्रिम ब्रश मिळू लागले आहेत. तेव्हा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी कृत्रिम ब्रश घेतले तर काही बिघडत नाही.

येथे दोन गमतीच्या गोष्टी सांगते. दुकानात ज्याला ‘कॅमल हेअर’ म्हणतात, त्या ब्रशात उंटाचा केस नसतो. तो बहुधा खारीचा किंवा दुसऱ्या एखाद्या जनावराचा असतो. दुसरी गोष्ट गमतीची नव्हे, दुःखाची आहे. आपल्या देशात चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगसे मारली जात. एकेका ब्रशाला थोडेसेच केस लागतात, पण त्यासाठी जीव मात्र अख्खा जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिलेले असून त्याच्या केसांचे ब्रश विकणे हा गुन्हा आहे. कुणी ‘असली मुंगूस’ म्हणून ब्रश दाखवू लागला तर तो परत करावा.

आता डोळ्यांकडे वळू. डोळ्यांच्या रंगभूषेला निदान पाच प्रकारचे ब्रश लागतात. पहिला चपटा, दाट केसांचा आणि टोकाला गोलाई असलेला. त्याने पापणीवर रंग बसवायचा. हा ब्रश घासायचा नाही, थोपटायचा. घासला की भुकटी गालावर गळते आणि रंग फिका पडतो. दुसरा गुबगुबीत, सैल केसांचा. पापणी जेथे दुमडते त्या खोबणीत तो फिरवायचा आणि दोन रंगांमधली रेघ पुसून टाकायची. त्याला दांडीच्या मागच्या टोकाकडे धरावे, म्हणजे हाताचा दाब आपोआप हलका होतो. गाडीच्या काचेवरचा वायपर जसा इकडून तिकडे जातो तसा तो न्यावा आणि मग लहान लहान वर्तुळे काढावी. तिसरा पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता. खालच्या पापणीच्या कडेला आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात रंग भरण्यासाठी. चौथा रेघेचा : एक तर अगदी बारीक टोकाचा, नाहीतर तिरपा कापलेला. तिरप्या ब्रशाने भुवयाही भरता येतात. पाचवा म्हणजे बाटली धुण्याच्या ब्रशाचे जणू पिल्लूच. दांडीभोवती गोल केस असलेला. त्याने भुवया विंचरायच्या आणि पापण्यांचे चिकटलेले केस मोकळे करायचे.

यांतला रेघेचा ब्रश निवडताना मला आप्पांची विद्या उपयोगी पडली. अक्षराची लांब रेघ ओढायला ते लांब केसांचा ब्रश घेतात, कारण त्यात रंग जास्त मावतो आणि मध्येच हात उचलावा लागत नाही. पण डोळ्याची रेघ असते जेमतेम बोटाच्या पेराएवढी. तेथे लांब केस डगमगतात. आखूड आणि ताठ केसच हवेत. ब्रश घेताना आप्पा तो तळहातावर दाबून पाहतात. सोडल्यावर केस चटकन मूळ जागी आले पाहिजेत आणि हलकेच ओढले तर हातात येता कामा नयेत. डोळ्यांच्या ब्रशाला आणखी एक परीक्षा मी जोडते : मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहावा. तेथे टोचला तर तो पापणीच्या कामाचा नाही, कारण पापणीची कातडी सबंध शरीरात सर्वांत पातळ असते.

रंगमंचावर डोळे रंगवायचे कशासाठी, असा प्रश्न आमच्या एका नटाने मला विचारला होता. “मी काय मुलगी आहे काय?” असेही तो म्हणाला. त्याला मी आरशासमोर उभे करून डोक्यावरचा दिवा लावला. प्रकाश वरून आला की भुवईची सावली डोळ्यांच्या खाचेत पडते आणि पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. म्हणून पापणीवर फिकट रंग, खोबणीत मध्यम तपकिरी आणि पापणीच्या केसांलगत गडद रेघ अशी मांडणी करतात. खालची रेघ केसांच्या किंचित खाली काढतात आणि कानाकडच्या कोपऱ्यात ती वरच्या रेघेला जोडत नाहीत. जोडली तर डोळा बंद आणि लहान दिसतो. मोकळी ठेवली तर मोठा. सर्वप्रथम फिकट, शेवटी गडद हा क्रम सोडू नये, कारण गडद रंग वाढवता येतो, पुसता येत नाही.

इतके सगळे मला आज कळते. गेल्या वर्षी यातले निम्मेही ठाऊक नव्हते. आप्पांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजलेले, ते डोळ्यांजवळ नेऊ नयेत एवढी अक्कल मला होती. म्हणून मी स्टेशनरीच्या दुकानातून चित्रकलेचे दोन नवे ब्रश आणले, काजळाची एक डबी घेतली आणि सात जणांचे चौदा डोळे त्याच दोन ब्रशांनी, त्याच डबीतून रंगवले. प्राथमिक फेरीत आमची एकांकिका निवडली गेली. पाठ थोपटून घ्यायला मीही पुढे होते. तिसऱ्या दिवशी आमच्या नायिकेचे डोळे आले. चौथ्या दिवशी आणखी तिघांचे. डोळे लाल, सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या. अंतिम फेरी शनिवारी होती. नायिकेला दिव्याकडे पाहवेना. आम्ही नाव मागे घेतले.

नेत्रतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “सगळ्यांना एकच ब्रश लावला होता का?” मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. डोळे येण्याचे काही प्रकार विषाणूंमुळे तर काही जिवाणूंमुळे होतात आणि हे दोन्ही प्रकार हात, रुमाल, उशीची खोळ व डोळ्यांची प्रसाधने यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एका आजारी डोळ्याला लागलेला ब्रश डबीत बुडवला की ती डबीच रोगाची पेटी होते. त्या दिवशी आमच्यातल्या एकाच्या डोळ्याला थोडी खाज होती, हे नंतर कळले. त्याने सांगितले नाही हे खरे; पण मी तरी कुठे विचारले होते?

घरी आल्यावर आप्पांना सांगितले. ते ब्रश पुसत बसले होते. म्हणाले, “अगं, पिवळ्यातला ब्रश न धुता निळ्यात घातला तर काय होतं? हिरवं होतं. ते निदान डोळ्याला दिसतं तरी. हे दिसतच नाही, मग किती जपायला पाहिजे!” जन्मापासून मी त्यांना रंग बदलताना ब्रश धुताना पाहत आले होते. तरीही माणूस बदलताना ब्रश धुवावा, हे मला सुचले नाही. कॉलेजात शिकते म्हणून मला सगळे कळते, हा माझा समज त्या दिवशी गेला.

त्यानंतर मी जे नियम शिकले ते येथे देते. ब्रश कोमट पाण्यात सौम्य साबणाने वा लहान मुलांच्या शाम्पूने धुवावा. टोक नेहमी खाली असावे. पाणी नळीत शिरले तर गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. म्हणून ब्रश पाण्यात बुडवून ठेवू नये. स्वच्छ कापडात दाबून पाणी काढावे, बोटांनी केसांना आकार द्यावा आणि केस टेबलाच्या कडेबाहेर येतील असा आडवा ठेवून वाळवावा. पेल्यात उभा ठेवला तर पाणी पुन्हा नळीतच उतरते. स्वतःपुरता वापर असेल तर आठवड्यातून एकदा धुतला तरी चालेल. मात्र दुसऱ्याला लावलेला ब्रश न धुता तिसऱ्याला लावू नये.

मग सात जण रांगेत असतील आणि पडदा अर्ध्या तासात उघडायचा असेल तर काय करावे? काजळ आणि रेघेचा ब्रश प्रत्येकाने आपापला आणावा. बाकीचा रंग स्वच्छ काडीने थोडा थोडा काढून ताटलीत घ्यावा आणि तेथूनच लावावा; एकदा डोळ्याला लागलेली काडी वा ब्रश पुन्हा डबीत जाऊ नये. ब्रश कमी पडले तर कापसाच्या काड्या स्वस्त आहेत. एका डोळ्याला एक आणि मग कचऱ्यात. पेन्सिल असेल तर प्रत्येकाच्या आधी तिला टोक काढावे. मस्करा तीन महिन्यांनी टाकून द्यावा, तो सुकला म्हणून त्यात पाणी तर मुळीच घालू नये.

आणखी थोडे. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर तेलाच्या सूक्ष्म ग्रंथींची तोंडे असतात; तेथे रेघ ओढली तर ती बुजतात. म्हणून रेघ केसांच्या बाहेरच असावी. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कधीही लावू नये. तिच्या धारदार कणांनी बुबुळाला ओरखडा पडू शकतो. लेन्स वापरणाऱ्यांनी ती आधी घालावी आणि मग रंगभूषा करावी. गॅलेना नावाच्या खनिजापासून केलेल्या सुरम्यात शिसे असते. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिशाची संयुगे वापरण्यास मनाई आहे. तेव्हा लेबल नसलेली सुटी पुडी, मग ती कितीही काळीभोर असो, डोळ्यांत घालू नये. आणि डोळा लाल असेल तर रंगभूषा नाहीच; संवाद बदलावा, पात्र बदलावे, पण तो डोळा रंगवू नये.

यंदा एकांकिकेच्या वेळी रंगभूषेचे काम मी स्वतःहून मागितले. आईने जुन्या साडीच्या सात लहान पिशव्या शिवून दिल्या आणि आप्पांनी प्रत्येकीवर एकेका कलाकाराचे नाव रंगवले, तेही दुकानाच्या पाटीवर काढतात तशा वळणदार अक्षरांत. प्रत्येकाचे काजळ आणि ब्रश त्याच्याच पिशवीत. प्रयोगाआधी मी एकेकाला दिव्याखाली बसवून डोळे तपासले आणि खाज आहे का, पाणी येते का, हे विचारले. काही जण कंटाळले. गेल्या वर्षीची नायिका यंदाही होती. ती खुर्चीवर येऊन बसली, आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि काही न बोलता तिने डोळे मिटून चेहरा वर केला. माझा हात क्षणभर थरथरला. मग मी ब्रश तळहातावर दाबून पाहिला आणि कामाला लागले.

पुढच्या वर्षी मी तृतीय वर्षाला असेन आणि नंतर हे काम दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाईल. नाट्यविभागाच्या कपाटात त्या सात पिशव्या धुऊन ठेवलेल्या आहेत. ब्रश ज्याचे त्याने नेले. जो कुणी त्या पिशव्या उघडील त्याने आधी हा लेख वाचावा, एवढीच माझी इच्छा आहे.