कलश टेबल सोडून निघाला तर?

इंटरमिजिएटचा स्थिरचित्राचा पेपर आठवतोय? टेबलावर कापड, त्यावर कलश, शेजारी दोन वांगी आणि एक केळं. उजेड डावीकडून, सावली उजवीकडे. कलशाचं तोंड नीट लंबगोल आलं की अक्षरशः जीव भांड्यात पडायचा!

पुढे ग्रेड मिळाली, सर्टिफिकेट फाइलला लागलं आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचं चित्र काढणं तिथंच थांबलं. डोक्यात एक समज पक्का बसला होता ना, की वस्तू जशीच्या तशी उतरली तरच ते चित्र. पण ते काम तर आता खिशातला मोबाइल एका सेकंदात करतो. मग आपण कशाला काढायचं?

या प्रश्नाचं एक भन्नाट उत्तर प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत सापडतं. बरवे अलिबागजवळच्या नागावचे. जन्म १९३६चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. त्या नोकरीमुळे साठच्या दशकात काही वर्षं बनारसला राहिले आणि तिथं तंत्रकलेचा प्रभाव पडला. तशा वळणाची चित्रंही त्यांनी केली. पण त्यात अडकून न पडता ते रोजच्या साध्या वस्तूंकडे वळले. घड्याळ, पान, फळ, शिंपला. रंगही कसला, तर एनॅमल, म्हणजे आपण दारं-खिडक्यांना देतो तो!

त्यांनी काय केलं, तर वस्तूंच्या खालचं टेबलच काढून घेतलं. वस्तू मोकळ्या जागेत तरंगायला लागल्या. छोटी गोष्ट मोठी झाली, मोठी लहान झाली. ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, अशा दोन वस्तू शेजारी आल्या आणि बघणारा विचारात पडला, 'यांचं काय बोलणं चाललंय?' मधली रिकामी जागाही मग चित्राचाच भाग झाली. हा सगळा विचार त्यांनी 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात मराठीत मांडलाय. १९९५मध्ये ते गेले. पुस्तक मात्र चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावं असं आहे.

असा खेळ काही नवा नाही म्हणा. सोळाव्या शतकात इटलीच्या आर्चिंबोल्दोने भाज्यांनी भरलेलं एक भांडं रंगवलं. ते चित्र उलटं धरलं की चक्क माणसाचा चेहरा दिसतो!

आता तुमची पाळी. तुम्ही पौडचे असा, पिरंगुटचे किंवा ताम्हिणीकडचे, मुळशीत वस्तूंना काय तोटा? पडवीत टांगलेलं इरलं घ्या आणि त्याच्याखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल काढा. आंबेमोहोराचा एकच दाणा पानभर मोठा करा आणि त्याच्या कडेला मुंगीएवढा ट्रॅक्टर. विळ्याची चंद्रकोर करून आभाळात टांगा. हसू आलं? येऊ द्या की.

एक अजून करून बघा. धरणाच्या पाण्यावर तरंगणारं दगडी जातं काढा. दगड तरंगतोय, ही झाली गंमत. पण शंभरेक वर्षांपूर्वी याच पाण्याखाली गावं गेली. ती जाऊ नयेत म्हणून १९२१मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. हे आठवलं की तेच जातं वेगळंच काहीतरी बोलायला लागतं. खेळता खेळता चित्र कुठं पोचलं बघा. जशाच्या तशा काढलेल्या जात्याला हे सांगता आलं असतं?

याचा अर्थ सराव सोडून द्या, असा मुळीच नाही. बरवेही रीतसर शिकले होते. कलश जमतच नसेल, तर तो उडवणार कसा? हात तयार ठेवायचा, फक्त त्याला भीती घालायची नाही. शाळेत चुकलेल्या सावलीचा मार्क जायचा. इथं सावली कुठं पाडायची, हे तुमचं तुम्ही ठरवायचंय.

घरातल्या कुठल्याही दोन वस्तू उचला, कागद घ्या. टेबल काढायचं नाही, एवढीच अट.