मेंदूतील रक्तस्राव : पहिले तास मोलाचे

नागपूर : कालपर्यंत ठणठणीत असलेली व्यक्ती अचानक डोके धरून खाली बसते, उलटी होते, बोलणे अडखळते. घरचे लोक 'पित्त झाले असेल' म्हणून वाट पाहतात. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ही प्रतीक्षा जिवावर बेतू शकते.

कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचू लागले की त्याला बाहेर पडण्यास वाट नसते. दाब वाढत जाऊन निरोगी मेंदूही चेपला जातो.

कारणे कोणती?
अनियंत्रित रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा 12 एप्रिल 1945 रोजी याच विकाराने मृत्यू झाला. तेव्हा रक्तदाबावर प्रभावी औषधे नव्हती; आज ती सहज मिळतात, तरीही अनेक जण त्रास नाही म्हणून गोळी सोडून देतात. रक्तवाहिनीवरील फुगा फुटणे, डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी औषधे हीही कारणे होत. वृद्धांमध्ये किरकोळ मारानंतर काही आठवड्यांनीही लक्षणे दिसू शकतात.

उपचार कसे होतात?
अर्धांगवायू रक्ताच्या गाठीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे लक्षणांवरून ठरत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणूनच तपासणीपूर्वी घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव आढळल्यास रक्तदाब त्वरित पण जपून आटोक्यात आणला जातो. वरचा रक्तदाब तासाभरात 140 च्या खाली आणणे, साखर व ताप नियंत्रित करणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे, या उपायांच्या एकत्रित वापराने रुग्ण अधिक चांगले सावरतात, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. फुगा क्लिप लावून किंवा मांडीतील धमनीतून तार नेऊन कॉइलने बंद करतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, तसेच शेजारच्या छिंदवाडा, बालाघाटहूनही रुग्ण नागपूरला आणले जातात. मात्र वाटेत सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय असेल, तर तेथे निदान करून प्राथमिक उपचार घेणे हिताचे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवावे; तोंडात पाणी घालू नये.

रक्तदाबाची नियमित तपासणी, गोळीत खंड न पाडणे, खर्रा-तंबाखूपासून दूर राहणे आणि दुचाकीवर हेल्मेट, एवढी दक्षता यातील अनेक प्रसंग टाळू शकते.